मधुमेह आणि औषधी वनस्पतींमधले अँटिऑक्सिडंट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औषधी वनस्पतींच्या अर्कांबद्दल मधुमेह असलेली माणसं, त्यांच्या घरचे आणि या विषयावर प्रकल्प करणारे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. या वनस्पतींमध्ये खरोखरच दम आहे असं मला वाटतं. म्हणूनच त्यांच्याबद्दल ढिसाळ दावे केले जातात तेव्हा वाईट वाटतं. उत्तरं वाचून कोणीही आपली चालू औषधं परस्पर बंद करू नयेत किंवा कमी करू नयेत, ही विनंती.

मधुमेहात ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ वाढतो म्हणजे नेमकं काय होतं?

पेशी साखर जाळून ऊर्जा काढते ती मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांत. तिथे इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात जात शेवटी ऑक्सिजनला मिळतात आणि पाणी तयार होतं. वाटेत काही इलेक्ट्रॉन निसटतात आणि ऑक्सिजनला अर्धवट चिकटतात. त्यातून सुपरऑक्साइड हा अतिशय क्रियाशील रेणू बनतो. अशा रेणूंना मुक्त मूलकं म्हणतात, आणि त्यांना निष्प्रभ करणाऱ्या पदार्थांना अँटिऑक्सिडंट. हे निरोगी शरीरातही चालूच असतं. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, कॅटलेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही एन्झाइमं त्याचा बंदोबस्त करतात.

रक्तातली साखर सतत चढी राहिली की हा तोल जातो. यालाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या, डोळ्याच्या पडद्यातल्या, मूत्रपिंडातल्या काही पेशींना बाहेरची जादा साखर आत येण्यापासून थोपवता येत नाही. जितकी बाहेर, तितकी आत. मग सुपरऑक्साइड वाढतं, डीएनए दुखावतो, आणि तो दुरुस्त करण्याच्या धडपडीत साखर जाळण्याच्या साखळीतलं जीएपीडीएच हे एन्झाइम मंदावतं. अडलेले रेणू आडवाटांना लागतात : पॉलिओल मार्ग, साखर चिकटलेल्या प्रथिनांची निर्मिती, प्रोटीन कायनेज-सी आणि हेक्सोसामिन मार्ग. अमेरिकन मधुमेह-संशोधक मायकेल ब्राउनली यांनी २००१ साली ही चार टोकं एका धाग्यात ओवली. डोळे, मूत्रपिंड आणि नसा यांनाच मधुमेहाचा जास्त फटका का बसतो, याचं बरंच उत्तर त्यात आहे.

इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींची अडचण निराळी. त्यांच्यात कॅटलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज मुळातच फार कमी असतात. म्हणजे ज्या पेशी टिकायला हव्यात, त्यांचीच संरक्षणव्यवस्था सगळ्यात तोकडी.

मग अँटिऑक्सिडंट भरपूर दिले की काम व्हायला हवं. तसं होत नाही का?

तर्क सरळ आहे आणि तो मोठ्या चाचण्यांमध्ये तपासूनही पाहिला गेला आहे. ‘होप’ चाचणीत ९,५४१ लोकांपैकी निम्म्यांना रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व दिलं गेलं. त्यांत मधुमेह असलेले हजारो जण होते. सुमारे साडेचार वर्षांनंतर हृदयविकार, पक्षाघात यांत फरक पडला नाही. निष्कर्ष २००० साली आले. २००२ साली ब्रिटनमधल्या ‘हार्ट प्रोटेक्शन स्टडी’चे निष्कर्ष आले. २०,५३६ लोक, ई, सी आणि बीटा-कॅरोटीन एकत्र, पाच वर्षं. रक्तातली जीवनसत्त्वांची पातळी वाढली, आजार मात्र तेवढेच राहिले.

याहून बोलका प्रयोग २००९ सालचा आहे. जर्मनीत मायकेल रिस्टो आणि सहकाऱ्यांनी तरुण पुरुषांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. काहींना सोबत सी आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, काहींना दिल्या नाहीत. व्यायामामुळे इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारतो, तो गोळ्या न घेणाऱ्यांत सुधारला. गोळ्या घेणाऱ्यांत सुधारला नाही. स्नायूंत व्यायामाच्या वेळी तयार होणारे हेच ‘वाईट’ रेणू स्नायूला सुधारण्याचा निरोप देत असतात. तो निरोपच गोळ्यांनी पुसून टाकला. सरसकट सगळं पुसणं म्हणजे उपचार नव्हे, हे इथे फार स्पष्ट दिसतं.

वनस्पतींचे अर्क या गोळ्यांपेक्षा वेगळे आहेत का?

हो, आणि या विषयातला सगळ्यात रंजक भाग हाच आहे. क्वेर्सेटिन, कर्क्युमिन, कॅटेचिन यांच्यासारखे पॉलिफेनॉल गटातले वनस्पतींमधले रेणू स्वतः जाऊन मुक्त मूलकं पकडतात असं बहुतेकांना वाटतं. शरीरात तसं फारसं घडत नाही. आतडं आणि यकृत यांच्यातून जाताना या रेणूंवर सल्फेट आणि ग्लुकुरोनाइडचे गट चढतात आणि रक्तात त्यांची पातळी बहुधा एका मायक्रोमोलरच्या (रेणूंचं प्रमाण मोजायचं एकक) आतबाहेर राहते. रक्तात आधीच फिरणारं युरिक ॲसिड मात्र २०० ते ४०० मायक्रोमोलर असतं. एवढ्या गर्दीत बाहेरून आलेला मूठभर पॉलिफेनॉल कितीसे रेणू पकडणार?

तो काम करत असेल तर बहुधा दुसऱ्या वाटेने. पेशीत एनआरएफ-टू नावाचं प्रथिन कीप-वन या दुसऱ्या प्रथिनाने धरून ठेवलेलं असतं. वनस्पतींमधले काही रेणू सौम्य त्रासदायक असतात. ते कीप-वनला चिकटले की एनआरएफ-टू सुटतं, केंद्रकात जातं आणि पेशीची स्वतःची संरक्षक एन्झाइमं बनवणारी जनुकं जागी करतं.

हे ऐकून लगेच हुरळून जायला नको. ओलिॲनोलिक ॲसिड या वनस्पतिजन्य रेणूपासून बार्डोक्सोलोन मिथाइल हे एनआरएफ-टू जागं करणारं जोरदार औषध बनवलं गेलं. टाइप २ मधुमेहासोबत मूत्रपिंडं बरीच निकामी झालेल्या रुग्णांवरची त्याची मोठी चाचणी २०१२ साली अर्ध्यावर थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत हृदय निकामी होण्याचं प्रमाण वाढलं. वाट खरी आहे, पण किती जोरात जायचं हे अजून शिकायचं आहे.

‘या अर्कात सी जीवनसत्त्वापेक्षा जास्त अँटिऑक्सिडंट शक्ती आहे’ असं शोधनिबंधात लिहिलेलं असतं. ते खोटं असतं का?

खोटं नसतं. फक्त ते परीक्षानळीबद्दल असतं.

सगळ्यात जास्त वापरली जाणारी चाचणी डीपीपीएचची. मिथेनॉलमध्ये विरघळवलेलं हे रसायन गडद जांभळं दिसतं. त्यात अर्काचे काही थेंब घालून नळी साधारण अर्धा तास अंधारात ठेवतात. अर्काने त्याला हायड्रोजन किंवा इलेक्ट्रॉन दिला की जांभळा रंग फिका होत जातो आणि शेवटी पिवळसर छटा उरते. ५१७ नॅनोमीटरला शोषण मोजायचं, आलेख काढायचा, निम्मा रंग घालवायला किती मायक्रोग्रॅम लागले ते लिहायचं. चाचणी स्वस्त, झटपट आणि देखणी आहे, म्हणून प्रत्येक प्रकल्पात असते.

पण त्या नळीत आतडं नाही, यकृत नाही, पेशी नाही, आणि डीपीपीएच हे मूलक शरीरात कुठेही नसतं. कुठलाही टॅनिनयुक्त तुरट अर्क या चाचणीत उत्तम गुण मिळवतो. वेगवेगळे अर्क चाळून पुढे कोणता घ्यायचा हे ठरवायला चाचणी ठीक आहे. तिच्यावरून मधुमेहाबद्दल एक वाक्यही लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

डब्यावर ‘ओआरएसी’चा मोठा आकडा छापलेला असतो. तो पाहून निवडावं का?

नको. ओआरएसी हे परीक्षानळीत मोजलेल्या अँटिऑक्सिडंट शक्तीचं माप आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने ओआरएसी आकड्यांची आपली यादी २०१२ साली संकेतस्थळावरून काढून टाकली. हे आकडे जाहिरातीत वापरले जात होते आणि माणसाच्या आरोग्याशी त्यांचा संबंध सिद्ध झालेला नव्हता.

उंदरांमध्ये साखर निम्म्यावर आली, एन्झाइमं सुधारली. मग माणसांत का नाही येणार?

आधी त्या उंदरांना मधुमेह कसा झाला ते पाहायला हवं. बहुतेक प्रयोगांत ॲलोक्झॅन किंवा स्ट्रेप्टोझोटोसिन टोचतात. दोन्ही रसायनं ग्लुकोज आत नेणाऱ्या दारातूनच बीटा पेशीत शिरतात आणि तिला मारतात. ॲलोक्झॅन तर मुक्त मूलकं तयार करूनच मारतं. आता अशा प्राण्याला टोचण्याआधी किंवा टोचल्यावर लगेच अँटिऑक्सिडंट दिलं तर काय होईल? विष निष्प्रभ होईल आणि पेशी वाचतील. कागदावर दिसेल की अर्काने मधुमेह बरा केला. प्रत्यक्षात त्याने विषावर उतारा दिला. माणसाचा टाइप २ मधुमेह वर्षानुवर्षं, इन्सुलिनचा परिणाम कमी होत होत येतो. त्याचं कारण टोचलेलं रसायन नसतं.

दुसरा मुद्दा मात्रेचा, आणि हा हिशेब एकदा तरी हाताने करून पाहावा. मोठ्या उंदरांना म्हणजे रॅट्सना अर्क बहुधा किलोमागे ४०० मिलिग्रॅम देतात. माणसासाठी शरीराच्या पृष्ठभागानुसार रूपांतर करताना याला ६.२ ने भागतात. आले साधारण ६४.५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला रोज ३.९ ग्रॅम अर्क. वाळलेल्या पाल्यातून १० टक्के अर्क निघतो असं धरलं तर रोज सुमारे ३९ ग्रॅम वाळकी पूड, कायमची. बाजारातल्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल आणि त्या प्रयोगाचा काय संबंध उरला?

माणसांवर नीट अभ्यास झालेल्या वनस्पती कोणत्या?

थोड्या आहेत, आणि प्रत्येकीची गोष्ट वेगळी.

कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला मुख्य रेणू. थायलंडमध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या २४० लोकांवर नऊ महिने चाचणी झाली, २०१२ साली ती प्रसिद्ध झाली. नुसती दिखाऊ कॅप्सूल घेणाऱ्यांपैकी १६.४ टक्के लोकांना मधुमेह झाला, कर्क्युमिन घेणाऱ्यांपैकी एकालाही नाही. निकाल इतका स्वच्छ आहे की दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या हातांनी तो पुन्हा मिळेपर्यंत मी त्यावर पूर्ण भार टाकणार नाही. कर्क्युमिन आतड्यातून फारच कमी शोषलं जातं. १९९८ सालच्या एका प्रयोगात मिरीतल्या पायपेरिनच्या २० मिलिग्रॅमसोबत दिल्यावर शोषण २० पटींनी वाढलं. शिवाय हा रेणू प्रयोगशाळेतल्या अनेक चाचण्यांना फसवतो. तो कुठल्याही प्रथिनाशी लगट करतो, प्रकाशही देतो, आणि चाचणी ‘लागू पडलं’ असं दाखवते.

कारलं सगळ्यांच्या तोंडी असतं. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१२ सालच्या आढाव्यात चार चाचण्या आणि ४७९ लोक होते. टाइप २ मधुमेहात उपयोग होतो असं म्हणण्यापुरता पुरावा सापडला नाही. एका चाचणीत रोजच्या २,००० मिलिग्रॅमने थोडा परिणाम दिसला, पण मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या नेहमीच्या औषधाच्या १,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी.

दालचिनीची सुरुवात जोरात झाली. २००३ साली ६० लोकांच्या अभ्यासात उपाशीपोटीची साखर १८ ते २९ टक्के उतरली. पुढे कॉक्रेनने दहा चाचण्या आणि ५७७ लोक एकत्र मोजले तेव्हा तो परिणाम टिकला नाही. लहान अभ्यासांचं हे नेहमीचं दुखणं आहे.

बिबळा किंवा विजयसार यावर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने चाचणी केली होती. नव्याने मधुमेह निघालेल्या ९७ जणांपैकी सुमारे ६९ टक्के लोकांची साखर १२ आठवड्यांत आटोक्यात आली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. नवं निदान झालेला माणूस पहिल्या तीन महिन्यांत खाणं, चालणं सगळंच बदलतो. त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं ते सांगता येत नाही. 

दारुहळदीतलं बर्बेरिन माझ्या मते सगळ्यात गंभीरपणे घ्यावं असं. २००८ सालच्या एका छोट्या चाचणीत रोज तीनदा ५०० मिलिग्रॅम दिल्यावर तीन महिन्यांत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारा आकडा) जवळपास मेटफॉर्मिनइतकंच उतरलं. पण त्याचं काम मुख्यतः पेशीतल्या ऊर्जेचा तोल सांभाळणाऱ्या एएमपीके या एन्झाइममार्फत चालतं असं मानतात, अँटिऑक्सिडंट म्हणून नव्हे.

गुडमारमधली जिम्नेमिक ॲसिडं जिभेची गोडाची जाणीव काही वेळ घालवतात. ती पूड तोंडात घातली की कोणाला खरं औषध मिळालं हे लगेच कळतं, म्हणून चाचणी कॅप्सूलमध्येच करावी लागते. जांभळाच्या पानांच्या काढ्यावर ब्राझीलमध्ये डबल-ब्लाइंड (कोणाला खरं औषध मिळालं हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही न कळणारी) चाचणी झाली, साखर उतरली नाही. बियांबद्दल त्यावरून काही ठरत नाही.

साखर उतरली तर ती अँटिऑक्सिडंटमुळेच उतरली, असं समजायचं का?

मुळीच नाही. मेथीच्या दाण्यांचा परिणाम बऱ्याच अंशी त्यांतल्या चिकट, विरघळणाऱ्या तंतूंमुळे होतो. ते पोटात जेलसारखे फुगतात आणि साखर हळूहळू शोषली जाते. वनस्पतींमधून मधुमेहाची जी मोठी औषधं निघाली, तीही या वाटेने आलेली नाहीत. गॅलेगा ऑफिसिनॅलिस या वनस्पतीतल्या गॅलेजिनचा माग काढत मेटफॉर्मिनपर्यंत पोचता आलं आणि फ्रेंच डॉक्टर जाँ स्टर्न यांनी १९५७ साली त्याचे रुग्णांवरचे निष्कर्ष मांडले. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ साली फ्लोरिझिन वेगळं केलं गेलं. मूत्रपिंडात साखर परत शोषणारं प्रथिन ते अडवतं, हे कळल्यावर आजची ग्लिफ्लोझिन औषधं घडली. दोन्ही वेळा कोणीतरी एक रेणू शोधला आणि तो नेमका कुठे बसतो ते विचारलं. वनस्पतींचा सन्मान मला यात दिसतो.

चूर्ण, काढा, अर्क : फरक पडतो का?

खूप. पाण्यात एक गट उतरतो, अल्कोहोलमध्ये दुसरा, आणि शोधनिबंधातला मिथेनॉलचा अर्क तर पोटात घ्यायचाच नसतो. जात, जागा, तोडणीचा हंगाम आणि वाळवण्याची पद्धत यांनी रेणूंचं प्रमाण कितीतरी बदलतं. अर्क घ्यायचाच असेल तर एखाद्या ठरावीक रेणूचं प्रमाण मोजून छापलेला, प्रमाणित अर्क बघावा. ‘शुद्ध’ या शब्दातून काहीच कळत नाही.

नैसर्गिक आहे, तर अपाय कसा होईल?

तीन तऱ्हांनी होतो. पहिली म्हणजे वनस्पतीचाच अपाय. ग्रीन टीच्या अर्कातून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य कॅटेचिन) गेलं तर यकृताची एन्झाइमं वाढू शकतात, असं युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली नोंदवलं. हळदीच्या अर्कांनीही काहींच्या यकृताला इजा झाली आहे. शोषण वाढवण्यासाठी पायपेरिन मिसळलेल्या गोळ्या त्यांत होत्या, आणि एचएलए-बी*३५:०१ हा जनुकीय प्रकार असलेल्यांत हा प्रकार जास्त दिसला. कारल्याच्या बियांत व्हायसिन असतं. जी-सिक्स-पीडी एन्झाइमची कमतरता असलेल्यांनी त्या टाळाव्यात.

दुसरी तऱ्हा जड धातूंची. बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं, हे २००४ साली प्रसिद्ध झालं. मधुमेहात मूत्रपिंडं आधीच ताणाखाली असतात. त्यांना हा बोजा परवडत नाही.

तिसरी तऱ्हा सर्वांत धोक्याची : चोरून मिसळलेलं ॲलोपॅथिक औषध. २००८ साली सिंगापूरमध्ये लैंगिक शक्तीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बेकायदा गोळ्यांमध्ये ग्लिबेनक्लामाइड हे साखर उतरवणारं औषध निघालं. मधुमेह नसलेल्या १५० जणांना साखर घसरून रुग्णालयात दाखल करावं लागलं, त्यांतले ४ दगावले. म्हणून एखाद्या ‘वनौषधी’ने दोन दिवसांत साखर धडाधड खाली आली तर खूश होऊ नका. ती पुडी घेऊन तडक डॉक्टरांकडे जा.

चालू औषधांसोबत घेतलं तर?

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी औषधं चालू असतील तर साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. हात थरथरणं, घाम, छातीत धडधड, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं घरच्यांनाही माहीत हवीत. बर्बेरिन यकृतातली औषधं मोडणारी एन्झाइमं अडवतं, त्यामुळे सायक्लोस्पोरिनसारख्या, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची रक्तातली पातळी चढते. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी कुठलाही अर्क विचारल्याशिवाय सुरू करू नये. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगावं. बहुधा दोन आठवडे आधी अर्क थांबवायला सांगतात.

टाइप १ मधुमेहात किंवा गरोदरपणात?

टाइप १ मध्ये इन्सुलिनला पर्याय नाही. अर्काच्या भरवशावर ते बंद केलं तर कीटोॲसिडोसिस (रक्तात आम्ल साचणं) होऊन जीव जाऊ शकतो. गरोदरपणात आणि स्तनपान करताना हे अर्क नकोतच, बर्बेरिन तर नक्कीच नको.

ग्लुकोमीटरवर याचा परिणाम होतो का?

सी जीवनसत्त्वाचे मोठे डोस घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पट्टीवरच्या इलेक्ट्रोडवर ते स्वतःच इलेक्ट्रॉन सोडतं आणि यंत्राला वाटतं साखरच आहे. दंडावर लावायच्या काही सेन्सरांतही रोज ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सी घेतल्यावर आकडा खोटा वाढलेला दिसतो. त्या आकड्यावरून इन्सुलिन वाढवलं तर घात होईल.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसची रक्ततपासणी करून घ्यावी का?

उपचार ठरवायला तिचा उपयोग नाही. एमडीए, ८-ओएचडीजी हे (मुक्त मूलकांनी केलेल्या नासधुशीचे) मापदंड संशोधनात वापरतात, पण अमुक आकड्याला तमुक करा असं त्यांवरून ठरत नाही. तेवढेच पैसे एचबीएवनसी, लघवीतलं अल्ब्युमिन आणि डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीवर घालवावेत.

आम्ही विद्यार्थी आहोत. या विषयावर चांगला प्रकल्प कसा करावा?

वनस्पती नक्की कोणती हे आधी वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळखून घ्या आणि नमुना हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) जमा करा. अर्कात काय आहे हे क्रोमॅटोग्राफीने दाखवा. नुसत्या डीपीपीएचवर न थांबता पेशींमध्ये एनआरएफ-टूची जनुकं खरंच जागी होतात का ते बघा, आणि रक्तात शक्य असेल तेवढ्याच मात्रेत बघा. प्राण्यांवर काम असेल तर अर्क मधुमेह पक्का झाल्यावर द्या. जमल्यास चरबीयुक्त आहाराने इन्सुलिनला दाद न देणारं प्रारूप निवडा, आणि मेटफॉर्मिनचा गट ठेवाच. परिणाम दिसला नाही तरी तो प्रसिद्ध करा. अशा कामांची फार गरज आहे.

मी सहा महिने एक अर्क घेत आहे, डॉक्टरांना सांगितलेलं नाही. आता काय करू?

सांगा. रागावतील म्हणून गप्प राहणं हाच यातला मोठा धोका आहे. डबा किंवा पुडी सोबत न्या, किती आणि केव्हापासून घेता ते लिहून न्या. यकृत आणि मूत्रपिंडाची तपासणी करून घ्या. अर्क अचानक बंद करायचा ठरला तर पुढचे दोन आठवडे घरी साखर जास्त वेळा मोजा. त्यात काही छुपं औषध असेल तर आकडे एकदम चढतील, आणि ते डॉक्टरांना त्याच दिवशी कळायला हवं.